चेहरा नसलेले मास्तर

सलमान खान यांच्या धड्यात सलमान खान दिसत नाहीत. काळ्या पडद्यावर पिवळ्या, गुलाबी, निळ्या रेघा उमटत जातात आणि मागून आवाज येतो, शेजारी बसून वहीत डोकावणाऱ्या मोठ्या भावासारखा. अक्षर बेताचंच. सगळं आधी लिहून, घोकून केलेलं वाटत नाही, कारण ते तसं केलेलं नसतंच. (नावामुळे आपल्याकडे दर वेळी खुलासा करावा लागतो : हे सिनेमातले ते नव्हेत. हे फुकट ऑनलाइन धडे देणारे खान अकादमीवाले. भारत सरकारने 2016 साली पद्मश्री दिली तेव्हाही अनेकांची गल्लत झाली असणार.)

खान यांचा जन्म 1976 सालचा, अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्सच्या उपनगरातला. वडील मूळचे बांगलादेशातल्या बारिसालचे, आई मुर्शिदाबादची. आईनेच मुलांना वाढवलं. पुढे एमआयटीतून गणित आणि संगणकशास्त्रातल्या पदव्या, हार्वर्डचं एमबीए आणि बोस्टनमध्ये हेज फंडात विश्लेषकाची नोकरी. शिक्षणशास्त्राची पदवी मात्र यात कुठेच नाही. टीकाकार हे आवर्जून सांगतात, चाहतेही तेवढ्याच आवर्जून सांगतात.

शिकवणी सुरू झाली 2004 मध्ये, तीही घरातल्याच मुलीची. न्यू ऑर्लिन्सला राहणारी नात्यातली धाकटी बहीण नादिया सहावीनंतरच्या चाचणीत एकक रूपांतराला अडली आणि गणिताच्या संथ गटात टाकली गेली. म्हणजे पुढची सगळी वाट बंद. मुलगी हुशार, पण एका धड्यावर घोडं अडलेलं. खान बोस्टनहून फोनवर शिकवू लागले. दोघांसमोर आपापला संगणक आणि त्यावर याहूची ‘डूडल’ नावाची सामायिक पाटी.

या शिकवणीतली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. प्रश्न विचारला की नादिया चाचपडत, अंदाजाने, तोंडातल्या तोंडात उत्तर द्यायची. बरोबर असलं तरी प्रश्नचिन्ह लावूनच. खान यांनी नियम घातला : एक तर ठासून उत्तर दे, नाहीतर सरळ सांग की कळलं नाही, पुन्हा समजाव. वर्गात ‘कळलं का?’ या प्रश्नाला मुलं माना डोलावतात, त्यामागे काय असतं हे शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. ‘कळलं नाही’ म्हणण्याची मुभा मिळाल्यावर नादिया सुधारली. तिने चाचणी पुन्हा दिली आणि वरच्या गटात गेली. मग तिचे भाऊ आले, इतर नातेवाईक आले, आणि नोकरी सांभाळून इतक्या जणांना वेळ देणं जमेना. एका मित्राने सुचवलं, धडे यूट्यूबवर टाक. 2006 च्या नोव्हेंबरात खान यांनी तिथे खातं उघडलं. चित्र काढायची साधी डिजिटल पाटी, पडद्यावरचं टिपून घेणारं सॉफ्टवेअर आणि घरातली कपाटवजा खोली, एवढाच संसार.

भाऊबहिणींनी सांगितलं, तू समोर असण्यापेक्षा यूट्यूबवरचा तूच बरा. खान हा किस्सा हसत सांगतात, पण त्यात खोच आहे. व्हिडिओ थांबवता येतो, दहादा मागे नेता येतो, आणि ‘एवढं साधं कसं येत नाही?’ असं तो विचारत नाही. 2009 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. काही महिने साठवलेल्या पैशांवर घर चाललं. 2010 मध्ये बिल गेट्स यांनी जाहीर सभेत सांगितलं की आपल्या मुलांसाठी आपण हेच धडे वापरतो. त्याच वर्षी गूगलने वीस लाख डॉलर दिले.

जगाने उचलला तो व्हिडिओ. खान यांचा खरा आग्रह वेगळाच होता. शाळेत वेळ ठरलेली असते, समज कमी-जास्त चालते. जूनमध्ये अपूर्णांक, जुलैत पुढचं. पोर्शन संपला की मास्तर सुटले. ज्याला सत्तर टक्के कळलं तोही पुढे ढकलला जातो आणि उरलेले तीस टक्के बीजगणितात त्याला गाठतात. खान म्हणतात, समज पक्की धरा, वेळ लागेल तितका लागू द्या. त्यांचं उदाहरण सायकलचं आहे : ज्याला अजून डावीकडे वळता येत नाही आणि ब्रेक लावता येत नाही, त्याच्या कपाळावर ऐंशी टक्क्यांचा शिक्का मारून आपण त्याला एकचाकी सायकलवर बसवतो. हा विचार त्यांचा नव्हे. शिकागोजवळच्या विनेट्का गावातल्या शाळांत 1920 च्या दशकात तो राबवला गेला होता, आणि 1968 मध्ये बेंजामिन ब्लूम यांनी त्याची नीट मांडणी केली. पण प्रत्येक मुलाला वेगळी गणितं, वेगळा वेग, हे एकट्या मास्तरच्या आवाक्याबाहेरचं होतं. खान यांनी भावंडांसाठी गणितं आपोआप तयार करणारा प्रोग्राम लिहिला. सलग दहा बरोबर आली की पुढचा धडा उघडायचा.

टीका झालीच, आणि काही रास्त होती. 2012 मध्ये मिशिगनमधल्या दोन प्राध्यापकांनी ऋण संख्यांच्या गुणाकारावरचा खान यांचा धडा लावून त्यावर शेरेबाजी करणारा व्हिडिओ काढला. रीत सांगता, कारण कुठे आहे, असा रोख. खान यांनी तो धडा बदलला. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अकादमीची शिफारस आठवड्याला अर्धा तास सरावाची, पण बहुतेक मुलं तेवढीही बसत नाहीत. जी बसतात ती बहुधा एरवीही बसली असती. मराठीतही आज हे धडे आहेत, फुकट आहेत, पण ठरल्या वेळी फोन करून ‘आज काय अडलं?’ विचारणारा त्यांच्यासोबत येत नाही.

हे खान यांनाही उमगलं असावं, कारण त्यांचे अलीकडचे दोन्ही उद्योग ऐकण्याभोवती आहेत. 2023 मध्ये आलेला ‘खानमिगो’ हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक उत्तर सांगून टाकत नाही, उलट प्रश्न विचारतो. सुरुवातीला तो साध्या आकडेमोडीतही घसरायचा. मला त्यापेक्षा भरवसा 2020 मध्ये महासाथीत सुरू झालेल्या ‘स्कूलहाउस’चा वाटतो. तिथे माणसं माणसांना छोट्या गटात झूमवर मोफत शिकवतात, आणि शिकवणारे बरेचदा स्वतःच शाळकरी असतात. शिकवायचं असेल तर आधी त्या विषयाची चाचणी द्यावी लागते, तीही मोठ्याने बोलत. प्रत्येक पायरीला ‘हे असं का?’ ते सांगत गणित सोडवायचं, त्याचं रेकॉर्डिंग द्यायचं, आणि ते दुसऱ्यांनी तपासायचं.