अ‍ॅपच्या पोटातील ब्राउझर

निरोपांची देवाणघेवाण करणारे एखादे साधे अ‍ॅप उघडताच संगणकाची शेकडो मेगाबाइट मेमरी का व्यापते, असा प्रश्न अनेकांना पडतो. याचे उत्तर बरेचदा त्या अ‍ॅपच्या पोटात दडलेल्या ब्राउझरमध्ये सापडते.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट या भाषेचे पहिले रूप अवघ्या दहा दिवसांत उभे केले. वेबपानांना थोडी चेतना यावी, एवढीच तेव्हाची अपेक्षा होती. पुढे २००९ मध्ये रायन डाल यांच्या नोड.जेएसने या भाषेला ब्राउझरच्या कुंपणाबाहेर काढले आणि संगणकातील फायली वाचण्या-लिहिण्याची मुभा दिली. गिटहबने आपल्या ‘अ‍ॅटम’ या संपादकासाठी २०१३ मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पात क्रोमियम ब्राउझर आणि नोड.जेएस एकत्र बांधले गेले. तोच २०१५ पासून ‘इलेक्ट्रॉन’ या नावाने ओळखला जातो. ‘अ‍ॅटम’ २०२२ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला. इलेक्ट्रॉन मात्र स्लॅक, डिस्कॉर्ड आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या रूपाने जगभर पोहोचला आहे.

निर्मात्यांच्या दृष्टीने ही सोय मोठीच. विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी तीन वेगवेगळे प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी बव्हंशी एकच लिहून भागते. देवनागरीतील जोडाक्षरे नीट जुळविण्याचे कामही ब्राउझरच पार पाडतो. भारतीय भाषांसाठी हा लाभ लहान नाही.

या सोयीची किंमत मात्र वापरकर्ता मोजतो. अशी चार अ‍ॅप्स उघडली, की ब्राउझरच्या चार प्रती चालू होतात. चार जीबी मेमरीच्या संगणकावर हे चांगलेच जाणवते. केवळ घड्याळ वा टिपणवही दाखविण्यासाठी एवढा डोलारा उभारणे अनाठायीच म्हणावे लागेल.

सुरक्षेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या ‘लिबवेबपी’ या सामायिक घटकात मोठी त्रुटी उघडकीस आली. क्रोमची दुरुस्ती गुगलने तातडीने दिली. पण त्यामुळे इतर अ‍ॅप्समध्ये बांधलेला क्रोमियम दुरुस्त होत नव्हता. त्यासाठी प्रत्येक निर्मात्याला आपल्या अ‍ॅपची नवी आवृत्ती स्वतंत्रपणे काढावी लागली. ज्याने ती काढली नाही किंवा ज्या वापरकर्त्याने ती घेतली नाही, त्याच्या संगणकावरील फट तशीच राहिली. अशा अ‍ॅप्सचे अपडेट पुढे ढकलणे म्हणजे जुना ब्राउझर वापरत राहण्यासारखेच आहे.

यावर तोडगा म्हणून ‘टौरी’सारखी साधने ब्राउझर सोबत न बांधता संगणकातील प्रणालीचाच वापरतात. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये ‘टीम्स’ इलेक्ट्रॉनवरून आपल्या वेबव्ह्यू२ वर नेले. टौरीने बनविलेली अ‍ॅप्स आकाराने लहान असतात, त्यांतील ब्राउझरची दुरुस्तीही प्रणालीसोबत होते. मात्र विंडोजवर एक ब्राउझर-इंजिन आणि मॅकवर दुसरे, अशी स्थिती असल्याने तेच अ‍ॅप दोन ठिकाणी थोडे वेगळे दिसू किंवा वागू शकते आणि निर्मात्याला प्रत्येक प्रणालीवर त्याची पुन्हा चाचणी घ्यावी लागते.