भाताचा चंदेरी पोंगा

लावणी होऊन तीन-चार आठवडे लोटले, आभाळ सतत झाकोळलेले राहिले, की भाताच्या खाचरात कधी कधी एक चमत्कारिक दृश्य दिसते. हिरव्या चुडातून कांद्याच्या पातीसारखी पोकळ, रुपेरी झाक असलेली नळी वर येते. नवख्या माणसास ती जोमाची खूण वाटावी. जाणता शेतकरी मात्र चिंतेत पडतो. कारण त्या फुटव्यास लोंबी कधीच यावयाची नसते. यासच चंदेरी पोंगा म्हणतात, आणि तो गादमाशीचा उद्योग होय.

ही माशी डासाएवढी, मादीचे पोट तांबूस, आणि आयुष्य अवघे दोन-तीन दिवसांचे. तेवढ्यात ती पानांवर शंभर-दोनशे अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते व पावसाच्या अथवा दवाच्या ओलाव्यावरून सरकत गाभ्यातील कोंब गाठते. ती पान कुरतडीत नाही. तिच्या लाळेमुळे रोपाच्या वाढीलाच निराळे वळण लागते. जी शक्ती लोंबीसाठी खर्चावयाची, ती अळीचे घर बांधण्यात जाते. शेवटी अंगावरील काट्यांच्या आधारे कोष नळीच्या टोकाशी चढतो, तेथे भोक पाडतो, आणि माशी उडून जाते.

म्हणजे पोंगा दिसतो, तेव्हा नुकसान होऊन चुकलेले असते. म्हणून उपाय आधीच योजावयाचा: लावणी वेळेवर करावी, बांधावरील गवत व रानभात उपटून टाकावे. निसर्गानेही एक साहाय्यक दिला आहे. गांधीलमाशीच्या वर्गातील एक अतिसूक्ष्म कीटक गादमाशीच्या अळीतच वाढून तिचा नाश करतो. अवेळी फवारलेले विष या मित्रासही मारते.

शास्त्रज्ञांनी प्रतिकारक्षम वाणही काढले. आयआर ८ आणि थायलंडचे सियाम २९ यांच्या संकरातून निपजलेला ‘फाल्गुना’ आंध्रात लोकप्रिय झाला. परंतु 1980 नंतरच्या दशकात तेथील किनाऱ्यावर त्यालाही न जुमानणारी गादमाशी आढळली. माशीने आपली जात बदलली, तशी माणसाला बियाण्याची निवड बदलावी लागली.

तेव्हा कोणतेही बियाणे कायमचे अभय देत नाही. पेरल्यावरही बांधावरून रोज एक फेरी मारणे शेतकऱ्यास चुकत नाही.