टपावरची काच
अमेरिकेतील रिव्हियन आर१टी किंवा टेस्ला सायबरट्रक यांसारख्या पिकअप ट्रकांच्या टपावर पत्र्याऐवजी काच आल्याने आकाशदर्शनाचे सुख लाभले हे खरे, परंतु ०.७ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला सुमारे साडेपाच किलो, तर ५ मिलिमीटर जाडीची काच साडेबारा किलो भरते, आणि हा वाढीव भार नेमका सर्वांत उंच जागी पडून वाहनाचा गुरुत्वमध्य वर सरकतो, ही बाब मला विशेष चिंतेची वाटते. उन्हाचा ताप आहेच. गारपिटीने पत्र्याला पोचा आला, तर कुशल कारागीर तो आतून दाबून बहुधा पूर्ववत करतो. काचेस तडा गेल्यास मात्र संपूर्ण तावदान बदलण्यावाचून गत्यंतर नाही. शिड्या वा नळ लादण्याकरिता भोके पाडून कॅरियर बसविण्याची सोयही पत्र्याबरोबरच जाते.