पडद्यावरचं लुगडं कोण ठरवतं?

४ ऑक्टोबर २०२४ रोजी सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. दिग्दर्शक आशिष बेंडे, तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर, सोबत मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर. मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात झालेल्या खुनांची ही गोष्ट बाकीच्या महाराष्ट्रानं रहस्यकथा म्हणून पाहिली. परभणी जिल्ह्यातल्या जुन्या माणसाला यात रहस्य कसलं? त्याची नजर दुसरीकडं जाते. बाईचा काष्टा कसा घातलाय, डोक्यावरचा पदर कधी सरकतो, शेतकऱ्याच्या डोक्याला टोपी आहे का पटका. ‘आमच्याकडं असं नेसत नाहीत’ असं एकानं म्हटलं की दुसरा लगेच म्हणतो, ‘आणि अशी वागंल का कुठली बाई?’

या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण मुळात त्या एकच आहेत. पात्र काय नेसतं आणि पात्र काय करतं, हे पटकथेच्या एकाच कागदावर ठरतं. ते कसं ठरतं हे समजलं की वाद घालायलाही बळ येतं.

सुरुवात कापडापासून नाही, तारखांपासून होते. चित्रीकरण गोष्टीच्या क्रमानं होत नाही. वाड्याचे सगळे प्रसंग एकदम, पोलीस ठाण्याचे सगळे एकदम, असा हिशेब असतो. म्हणून कपडेपट सांभाळणारी माणसं आधी पटकथा गोष्टीतल्या दिवसांप्रमाणे लावून घेतात. पहिल्या दिवशी कोणतं लुगडं, चौथ्या दिवशी तेच का दुसरं, पावसात भिजल्यानंतरच्या प्रसंगात ते वाळलेलं असेल का. प्रत्येक प्रसंगानंतर फोटो काढून ठेवतात. सकाळी चित्रित झालेल्या प्रसंगाचा पुढचा भाग महिन्यानं चित्रित व्हायचा असतो, आणि पदर डाव्या हातात होता का उजव्या, हे तेव्हा कुणाला आठवणार?

मग येतो काळ. १९७२च्या मानवतला कपडे घालायचे म्हणजे आधी दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९७२ला पन्नाशीत असलेल्या माणसाची उमेदीची वर्षं हैदराबाद संस्थानात गेलेली. म्हणून इथल्या वकिलाच्या, जुन्या कारकुनाच्या किंवा कापसाच्या बाजारातल्या अडत्याच्या अंगावर पुणेरी कोट-टोपी चढवली की काहीतरी खटकतं. शेरवानी, पायजमा, रुमी टोपी यांची आठवण त्या पिढीच्या कपड्यांत कुठंतरी उरलेली असायला हवी, आणि बोलण्यातही.

दुसरी गोष्ट म्हणजे दुष्काळ. १९७२चा दुष्काळ मराठवाड्यात खडी फोडून निभावला गेला. अशा वर्षी कापड विकत घेणं ही शेवटची गरज. बायका लुगड्याला दंड घालत: मधून विरलेलं लुगडं कापून टाकायचं आणि दोन्ही टोकांचे शाबूत तुकडे शिवून पुन्हा नेसायचं. दुष्काळाच्या कुठल्याही गोष्टीत एका तरी बाईच्या लुगड्याला असा दंड दिसला, तर मला त्या कपडेपटावर विश्वास ठेवावासा वाटतो. नेसणारीची परिस्थिती सांगायला मग संवाद लागत नाही.

अडचण अशी की जुनं लुगडं आणून चालत नाही. खुनाच्या प्रसंगात एकाच कपड्याच्या तीन-चार सारख्या प्रती लागतात, कारण रक्ताचा डाग एकदा पडला की पुन्हा चित्रण करायला कोरी प्रत हवी. पन्नास वर्षांपूर्वीच्या सुती लुगड्याच्या चार सारख्या प्रती मिळणार कुठून? म्हणून नवं कापड आणून ते जुनं करतात. चहाच्या पाण्यात बुडवतात, सोड्यात धुतात, दगडावर घासतात, काठांवर सँडपेपर फिरवतात. प्रेक्षकाला ‘काहीतरी खोटं वाटतंय’ असं वाटतं, त्याचं कारण बहुतेकदा इथं असतं. यंत्रणा घाईत असेल तर कापड सगळीकडं सारखंच विटवलं जातं. खऱ्या वापरात तसं होत नाही. घागर टेकते तिथं कमरेवर, बसायच्या जागी मागं काष्ट्यात, आणि सतत हात पुसला जातो त्या पदराच्या टोकाला कापड आधी विरतं. बाकीचा रंग बराच टिकतो.

आता वागण्याकडे येऊ. मानवतची गोष्ट याआधीही पडद्यावर आली होती. अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘आक्रीत’ (१९८१) याच प्रकरणावरून सुचलेला होता आणि त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यात नावं बदललेली होती. नाव बदललं की लेखक मोकळा होतो. पात्राच्या मनात हवं तितकं खोल जाता येतं, कारण ते पात्र आता त्याचं असतं. २०२४च्या मालिकेनं नावं खरी ठेवली. तिथं रमाकांत कुलकर्णींच्या तपासाच्या आठवणींचा आधार आहे, आणि कोर्टाचे निकालही आहेत. या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९७७चा निकाल माफीच्या साक्षीदारावर किती विसंबावं, या प्रश्नावर आजही दाखला म्हणून दिला जातो. काही आरोपी सुटले होते. अशा वेळी ‘ही बाई इतकी क्रूर का दाखवली?’ असं प्रेक्षक विचारतो तेव्हा तो न्यायाचाही प्रश्न विचारत असतो.

वेशभूषा इथं फार मोठी कामगिरी करू शकते, चांगली किंवा वाईट. उदाहरणार्थ, पारधी समाजावर १९५२ पर्यंत कायद्यानंच ‘गुन्हेगार’ असा शिक्का होता. त्या समाजातल्या पात्राला काळपट कपडे, विस्कटलेले केस आणि मोठं कुंकू दिलं, की पहिल्याच प्रसंगात निकाल लागतो. पुरावा नंतर येतो. यावर प्रेक्षकांनी भांडलंच पाहिजे. साडीच्या काठावरच्या चुकीपेक्षा हे कितीतरी गंभीर आहे.

रोजच्या मालिकेचं गणित निराळं. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटं, आणि तीही आठवड्यातून पाच-सहा दिवस. झोपेतून उठलेली सून भरजरी साडीत का असते, हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. एक कारण चौकटीत आहे. बहुतेक दृश्यं छातीपासून वरची असतात, म्हणून खांद्यावरचा काठ, कानातलं, मंगळसूत्र आणि कपाळ एवढ्याच जागेत पात्राची ओळख मावते. दुसरं कारण पाहणाऱ्यात आहे. मालिका भाकरी थापता थापता पाहिली जाते. क्षणभर मान वर केली तरी कोण सासू, कोण सून, कोण खलनायिका हे कळायला हवं. कारणं पटतात, तरी रात्री दोन वाजता पैठणी पाहिली की मला लेखकाचा आळसच दिसतो.

आणि मालिकेतली सून खरं का बोलत नाही? कारण ती बोलली तर कथानकाचा तो ट्रॅक संपतो. कथा, पटकथा आणि संवाद बहुतेकदा वेगवेगळे लोक लिहितात, वाहिनीचा शब्द त्यात मोठा, आणि दर गुरुवारी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे आकडे येतात. एखादा गैरसमज आकडे देत असेल तर तो आठवडेच्या आठवडे मिटत नाही. या मोजणीत ग्रामीण घरं ऑक्टोबर २०१५ पासून आली. पुढच्या वर्षी कोल्हापूरकडची ‘तुझ्यात जीव रंगला’ आणि नागपुरी बोलणाऱ्या राधिकेची ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू झाल्या. हे एकाच कारणानं घडलं असं नाही, पण गावाकडचा प्रेक्षक दिसू लागल्यावर त्याची भाषा नायिकेच्या तोंडी देणं वाहिन्यांना सोपं झालं असणार. मराठवाड्याची बोली मात्र अजून बहुधा विनोदी पात्राच्याच वाट्याला येते. परभणीकडं बोलतात तसं बोलणारी नायिका रोजच्या मालिकेत मला फार हवी आहे.

प्रेक्षकाच्या बोलण्यानं काही बदलतं का? बदलतं, पण दर वेळी नाही. ‘बाजीराव मस्तानी’तल्या (२०१५) काशीबाई आणि मस्तानीच्या एकत्र नाचण्यावर आणि त्यांच्या नऊवारीवर महाराष्ट्रात बराच वाद झाला, तरी गाणं राहिलं. जानेवारी २०२५मध्ये ‘छावा’तल्या संभाजी महाराजांच्या लेझीम नृत्यावर आक्षेप आला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो भाग काढला. आणि कधी उलटंही होतं: ‘होणार सून मी ह्या घरची’मधलं जान्हवीचं लांब मंगळसूत्र पडद्यावरून थेट सराफांच्या दुकानात गेलं.

कापड किती सांगू शकतं, हे कोल्हापूरच्या भानू अथैय्यांनी दाखवलं. ‘गांधी’साठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. १८९३ साली घडणाऱ्या ‘लगान’चे कपडेही त्यांचेच, आणि ‘लगान’चे दिग्दर्शक गोवारीकर, म्हणजे मानवतच्या मालिकेत कुलकर्णी झालेले तेच.

मानवतवर उद्या पुन्हा कुणी मालिका करायला आलं तर गावात पहिल्यांदा जुने फोटो मागेल. लोक लग्नाचे फोटो काढून देतील, आणि तिथंच फसगत होईल. लग्नात माणूस असतील नसतील ते चांगले कपडे घालतो, कधी मागून आणलेलेही. रोजचं कापड कळायला शाळेचे सामूहिक फोटो बरे. त्याहून बऱ्या जुन्या गोधड्या. विटलेली लुगडी, धोतरं, परकर-पोलकी सगळी गोधडीतच जातात. वरचा थर उसवला तर आतल्या घडीत, ऊन न लागलेल्या जागी, त्या काळचा खरा रंग आणि काठाची रुंदी बऱ्याचदा शाबूत सापडते. घरातल्या म्हाताऱ्या आजीला जवळ बसवून विचारलं, तर कोणता तुकडा कुणाच्या अंगावरचा, तो कधी घेतला आणि त्याला दंड कधी घातला, हेही ती सांगेल.