चेहरा उजळायचा, पण कशाने?

इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करून परतणाऱ्या चेहऱ्यावर तेज कुठून यायचे? मग लग्नाच्या लेकीसाठी बिनलेबलाची गोरेपणाची क्रीम घरात येते. आम्हाला धास्ती आहे ती याचीच. २०२३ साली बातमी आली, अशाच क्रीमने अकोल्यातील एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील तपासणीत क्रीममध्ये पारा निघाला! स्टिरॉइडच्या मलमाचेही तसेच. थोडे दिवस चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ होते, पुरळ उठते आणि मलम सोडवत नाही.

भगिनींनो, सावळा रंग हा दोष नव्हे. त्यातले मेलॅनिन उन्हापासून राखण करते. तरी उसाच्या रानात जाताना डोक्याला पदर आणि साडीवर घरधन्याचा जुना फुल शर्ट घालता, तो रिवाज सोडू नका.

ताटात मेथी, मोडाची मटकी, मूठभर शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडे असावे. हंगामात आवळा घ्या. चेहरा पांढुरका दिसतो, दम लागतो, तर रक्त तपासा. 'ग्लो'च्या महागड्या गोळ्यांवर पगार कशाला उधळायचा? रक्त कमी निघाले तर लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. फक्त त्या चहाबरोबर घेऊ नका, अंगी लागत नाहीत.