चाकवताची जुडी आणि बुधवारची संध्याकाळ

मराठीच्या शिक्षकाने शब्दांची काळजी करावी, भाजीची करू नये, असे आमच्या घरातले मत आहे. पण वाचकहो, हे दोन विषय मला अलीकडे वेगळे काढता येत नाहीत. चाकवत, चंदनबटवा, अंबाडी, तांदुळजा, घोळ ही नावे वर्गात उच्चारली की निम्मी मुले कोऱ्या चेहऱ्याने पाहत राहतात. भाजी ताटातून गेली आणि शब्द तेवढा कोशात उरला!

यात मुलांचा दोष नाही. पालेभाजी जात्याच नाजूक. तोडल्यापासून ती कोमेजू लागते आणि तिच्यातले क जीवनसत्त्वही घटू लागते. अडत्या, घाऊक व्यापारी, किरकोळ विक्रेता असा लांबचा प्रवास तिला सोसत नाही. म्हणून व्यापाराला प्रिय कोबी आणि बटाटा. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने शेतकऱ्याला उघड लिलावाचे आणि चोख वजनाचे संरक्षण दिले, हे खरे. पण मालाची वाट समितीच्या आवारातूनच जाऊ लागली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला या नियमनातून मुक्त केला. पुढच्याच महिन्यात मुंबईला विधान भवनाच्या आवारात शेतकऱ्यांचा आठवडे बाजार भरला. या अभियानाला संत सावता माळी यांचे नाव आहे. मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या संताचे नाव भाजीबाजाराला सुचवणाऱ्याच्या रसिकतेला दाद द्यावी तेवढी थोडी!

आमच्या वसाहतीच्या मैदानावरही दर रविवारी सकाळी असा बाजार भरतो. आदल्या संध्याकाळी तोडलेला माल शेतकऱ्यांचा गट टेंपोने आणतो. गृहिणी खूश, शेतकरी खूश. पण मागच्या वस्तीतले कोणी तिकडे फिरकत नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना कारण विचारले.

"सर, रविवारी सकाळी आम्ही तुमच्याच घरांतून राबत असतो," त्या म्हणाल्या. "आणि रोजंदारीवाल्याच्या हाती पैसा येतो संध्याकाळी. तुमचा बाजार आमच्या वेळेचा नाही."

जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज निदान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खायला सांगते. चौघांच्या घराचा हिशेब आठवड्याला ११ किलोंवर जातो. इतका माल एकदम घ्यायला वस्तीतल्या घरात पैसा नाही, आणि ठेवायला फ्रिजही नाही. ज्याला ताज्या भाजीची गरज अधिक, त्याच्यासाठी हा बाजार भरूनही न भरल्यासारखाच.

म्हणून आम्ही काहीजणांनी सुचवले, की दर बुधवारी संध्याकाळी वस्तीच्या तोंडाशी दुसरा बाजार भरवावा, लहान जुड्या बांधाव्या, पावशेरही विकावा. शेतकरी म्हणाले, "येऊ, पण दुसऱ्या खेपेचे डिझेल तरी सुटले पाहिजे." रास्त बोलणे! तेव्हा वसाहतीतल्या तीस घरांनी निम्मी भाजी बुधवारी घेण्याचे कबूल केले. सोसायटीच्या काही सभासदांना मात्र मोटारींच्या जागेची आणि कचऱ्याची चिंता आहे. कचरा शेतकऱ्यांनीच परत न्यावा, असे ठरवता येईल. मोटारींचे काय, ते दिवाळीनंतरच्या बैठकीत कळेल.

तोवर आपणही एवढे करा. आपल्या भागात असा बाजार भरत असेल, तर तो कोणत्या वेळी भरतो आणि त्या वेळी कोण येऊ शकत नाही, हे एकदा पाहा. आणि चाकवत दिसला, तर मुलांना त्याचे नाव सांगून मगच पिशवीत टाका.