चंद्राच्या अंतरंगाचा वेध

बाजारात नारळ घेताना चतुर गृहिणी तो फोडून पाहत नाही. कानाशी धरून हलविते आणि आत पाणी आहे की नाही, हे ओळखते. चंद्राच्या अंतर्भागाचा शोध घेताना शास्त्रज्ञांनी अवलंबिलेला एक मार्ग थोडाबहुत असाच आहे. फरक इतकाच, की हा नारळ सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे आणि त्याला हलविण्याचे काम पृथ्वी व सूर्य यांचे गुरुत्वाकर्षण करीत असते.

जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रभूमीवर शंभर लोलकांचा एक फलक ठेविला. पुढे अपोलो-१४ व १५ यांनी तसेच फलक नेले. सोव्हिएत रशियाच्या दोन लुनोखोद गाड्यांवरही ते बसविलेले होते. प्रकाश ज्या दिशेने येईल त्याच दिशेस त्याला परतविणे, हा या लोलकांचा गुण होय. वेधशाळेतून सोडलेला लेसर-किरण सुमारे अडीच सेकंदांत जाऊन येतो. धाडलेल्या असंख्य प्रकाशकणांपैकी एखाददुसराच दुर्बिणीत सापडतो. तरीही त्याच्या प्रवासाचा काळ मोजून न्यू मेक्सिकोतील अपाची पॉइंट वेधशाळा हे अंतर मिलिमीटरच्या अचूकतेने सांगते.

चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे, हे या मोजणीतूनच निश्चित झाले. शिवाय फलक निरनिराळ्या ठिकाणी असल्याने, कोणता जवळ आला व कोणता दूर गेला, यावरून चंद्राचे सूक्ष्म डोलणेही टिपता आले. त्याचा अक्ष अपेक्षित स्थितीहून किंचित सरलेला आढळला. केवळ घन खडकांतील घर्षणाने याचा हिशेब पुरा लागेना. २००१ मध्ये जेम्स विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे कारण मांडिले: आत द्रवरूप गाभा असावा, बाहेरचे कवच डोलते तेव्हा तो त्याच्याबरोबर पुरतेपणी फिरत नाही आणि दोहोंच्या सीमेवर घर्षण होते. अपोलो मोहिमांतील चंद्रकंपांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या असता, २०११ मध्ये याच निष्कर्षास पुष्टी मिळाली. २०२३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी लेसरची मापे अन्य मापांशी जुळवून, त्या द्रवाच्याही आत सुमारे २५८ किलोमीटर त्रिज्येचा घन गाभा असल्याचे दाखविले.

या फलकांना ना वीज लागते, ना देखभाल. म्हणूनच अर्धशतक लोटले तरी ते पृथ्वीच्या प्रश्नांना उत्तरे देत आहेत. एकेका रात्रीची मोजणी अल्प भासते. परंतु वर्षानुवर्षे नेटाने जमविलेल्या अशा मापांनीच, न फोडलेल्या त्या गोलाचे अंतरंग माणसास उलगडले आहे.